आधी कागद, मग कॅनव्हास

मंगळवार

कलासंग्रहालयाच्या नव्या हंगामाचं वेळापत्रक हातात आलं की आधी तारखा बघायच्या, चित्रकारांची नावं नंतर. प्रदर्शन तीन महिन्यांचं असेल आणि यादीत कागदावरचे जलरंग, रेशमावरची शाई, मुद्राचित्रं (ठशावरून कागदावर छापलेली चित्रं), जुनी रंगीत छायाचित्रं असं काही दिसलं, तर पहिली फेरी त्या दालनाची. कॅनव्हासवरची तैलचित्रं बहुधा कायम संग्रहातली असतात, पुढच्या वर्षीही त्याच भिंतीवर सापडतील. लोक मात्र नेमकं उलटं करतात. मोठ्या तैलचित्रांपुढे तास घालवतात, बाजूच्या अंधाऱ्या खोलीत डोकावतात आणि 'इथे काही दिसतच नाही' म्हणत मागे फिरतात. ती खोली एकदा बंद झाली की आतलं काम पुन्हा भिंतीवर यायला वर्षं लागतात.

सगळा खेळ उजेडाचा आहे. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या २००४ च्या शिफारशी सरळ आकड्यांत आहेत. उजेडाला अतिशय नाजूक असलेल्या वस्तूंवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त प्रकाश नको आणि वर्षभराची बेरीज १५,००० लक्स-तासांच्या वर जायला नको. म्हणजे ५० लक्सवर ३०० तास. दालन रोज आठ तास उघडं असेल, तर अडतिसाव्या दिवशी वर्षाचा शिधा संपला. नव्वद दिवसांच्या प्रदर्शनात तेच चित्र ३६,००० लक्स-तास खर्च करतं, जवळजवळ अडीच वर्षांचा वाटा. मग ते पेटीत जातं आणि दोन-तीन वर्षं बाहेर येत नाही. अंधारात ठेवल्याने झालेली झीज भरून येत नाही, पुढची लांबते एवढंच. तैलरंग त्यामानाने दणकट, त्यांना २०० लक्स चालतात. एकाच इमारतीत एक दालन लख्ख आणि शेजारचं काळोखं का, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

लांबलचक प्रदर्शनात बरेचदा मध्यावर कामं बदलतात. वेळापत्रकात बारीक अक्षरात 'पहिला टप्पा', 'दुसरा टप्पा' असं छापलेलं असतं. तिकडे दुर्लक्ष करून शेवटच्या आठवड्यात गेलेला माणूस जाहिरातीतलं चित्र शोधत फिरतो आणि ते केव्हाच खाली उतरलेलं असतं.

ऋतू आणि प्रदर्शन यांची सांगड डब्लिन आणि एडिंबरा इथे फार सुंदर बसली आहे. हेन्री व्हॉन या संग्राहकाच्या मृत्युपत्राने १९०० साली इंग्रज चित्रकार टर्नरची जलरंगातली चित्रं दोन्हीकडच्या राष्ट्रीय कलादालनांना मिळाली. डब्लिनला ३१, एडिंबराला ३८. अट अशी की ती फक्त जानेवारीत आणि विनामूल्य दाखवायची, कारण तिथे त्या महिन्यात दिवसाचा उजेड सगळ्यात मंद. विजेच्या दिव्यांवर काटेकोर ताबा नसण्याच्या काळातला हा तोडगा, आणि आजही जानेवारी उजाडला की ती चित्रं बाहेर येतात. तिकडे टोकियोच्या नेझू संग्रहालयात ओगाता कोरिनचे आयरिसच्या फुलांचे घडीचे पडदे वसंतात मांडतात, साधारण त्याच सुमाराला संग्रहालयाच्या बागेत खरी आयरिस फुललेली असतात. पहिल्या ठिकाणी ऋतू चित्राची राखण करतो, दुसऱ्या ठिकाणी त्याला सोबत देतो. माझं झुकतं माप पहिल्याला.

आता अंधाऱ्या दालनात शिरायची रीत. बाहेर भर उन्हात लाखभर लक्स असतात आणि आत ५०. डोळ्यांना जुळवून घ्यायला पाच-दहा मिनिटं द्यावीच लागतात. सरळ आत न घुसता आधी मध्यम उजेडाच्या दालनातून चक्कर मारावी. मग आत गेल्यावर मोबाइल खिशातून काढू नये, कारण पडद्यावर एकदा नजर गेली की सराव पुन्हा पहिल्यापासून. वय वाढलं की डोळ्यात शिरणारा उजेड कमी होतो, तेव्हा आजी-आजोबा बरोबर असतील तर याच दालनात बाक शोधून जास्त वेळ बसावं. फ्लॅशवरच्या बंदीचं कारण लोक 'चित्र जळतं' असं सांगतात. एका फ्लॅशची मात्रा तशी नगण्यच. पण अंधाराला सरावलेल्या वीस जणांचे डोळे तो एका क्षणात बिघडवतो, आणि माझ्या मते बंदीला तेवढं कारण पुष्कळ झालं.

बुधवार

१९१६ साली बेंजामिन इव्ह्ज गिलमन या बॉस्टनच्या संग्रहालयातल्या गृहस्थाने 'संग्रहालयाचा थकवा' या विषयावर निबंध लिहिला. एका माणसाला वस्तू मांडलेल्या काचेच्या पेट्यांसमोर वाकायला, उकिडवं बसायला, मान तिरकी करायला लावून त्याने त्याची छायाचित्रं काढली आणि दाखवून दिलं की पाहणारा दमतो तो मांडणीमुळे. आज चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५५ सेंटिमीटरवर ठेवतात, पाट्या मोठ्या अक्षरात असतात, तरी थकवा काही सुटलेला नाही. तास-दीड तासाच्या पुढे नजर चित्रांवरून नुसती घसरत जाते. म्हणून एका फेरीत एक हंगामी प्रदर्शन आणि फार तर कायम संग्रहातलं एक दालन. तिकीट वसूल करायचं म्हणून तिन्ही मजले पालथे घालण्यात काही हशील नाही.

गर्दी पहिल्या भिंतीपाशी तुंबते. प्रत्येक जण प्रस्तावनेचा मोठा फलक वाचतो, पहिली पाच चित्रं मन लावून बघतो आणि नंतर पाय उचलतो. मांडणी एकमार्गी नसेल तर सरळ शेवटच्या खोलीत जावं आणि उलटं यावं. शेवटची दालनं उघडण्याच्या वेळी रिकामी असतात.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लोक एका चित्रापुढे सरासरी २७ सेकंद थांबतात असं दिसलं, आणि मध्यक तर १७ सेकंदांचा. पाटी वाचण्याचा वेळही त्यात धरलेला. दहा मिनिटं द्यायची तर ती अशी द्यावीत. चित्राच्या कर्णाच्या दीड-दोन पट अंतरावर उभं राहून पाटी न वाचता आधी उजेड कुठून येतोय, सगळ्यात काळी जागा कुठली, नजर पहिल्यांदा कुठे जाते आणि कुठून बाहेर पडते, हे बघावं. मग सुरक्षारेषेपर्यंत जवळ जावं. तिथून एका बाजूला दोन पावलं सरकून तिरप्या नजरेने पृष्ठभाग बघितला की रंगाचे थर, कुंचल्याच्या केसांच्या रेघा आणि व्हार्निशवरची चमक वेगवेगळी दिसायला लागते. समोरून काचेवर दिव्याचं प्रतिबिंब पडत असेल तरी उपाय हाच. पाटी त्यानंतर वाचावी आणि परत लांब जावं. पाटी आधी वाचली की डोळे फक्त तिच्यात लिहिलेलं शोधतात, हा नेहमीचा घोळ.

एचिंग किंवा एन्ग्रेव्हिंग (धातूच्या पत्र्यावर रेषा खोदून छापलेलं चित्र) समोर असेल तर चित्राच्या चारही बाजूंनी कागदात दबलेली एक बारीक कड शोधावी. तांब्याचा पत्रा ओल्या कागदासह दाबयंत्रातून जाताना कागद त्याच्या आकारात खाली बसतो, कडेला खाच राहते आणि तिरप्या उजेडात तिची नाजूक सावली पडते. कागद त्या खाचेच्या आत कापलेला असला तर ती दिसणार नाही. वुडकटला, म्हणजे लाकडी ठशावरून छापलेल्या चित्राला, ही कड नसते. खाली पेन्सिलीने १२/५० लिहिलेलं असतं, त्यातला ५० हा एकूण प्रतींचा आकडा. १२ वी प्रत ५० व्या प्रतीपेक्षा सरस असेल असं मात्र धरू नये, क्रमांक छपाईच्या क्रमानेच पडलेले असतील असं नाही.

पाटीवरची शेवटची ओळ कुणी वाचत नाही, आणि कामाची तीच. मापं नेहमी आधी उंची, मग रुंदी. त्याखाली वस्तू कशी आली ते: देणगी, खरेदी, मृत्युपत्राने, की उसनी. मग नोंदक्रमांक. तो १९८७.४५.३ असा असेल तर बहुतेक ठिकाणी अर्थ हा की वस्तू १९८७ मध्ये संग्रहात आली, त्या वर्षीच्या ४५ व्या आवकेतली ही तिसरी. नोंदक्रमांकाच्या जागी 'खासगी संग्रह' असेल तर प्रदर्शनानंतर ती मालकाकडे परत जाणार. अशा चित्रापुढे जास्त थांबावं. छायाचित्र काढायला मनाईही बरेचदा अशाच चित्रांना असते, ती उसने देणाऱ्याची अट असते. रक्षकाशी हुज्जत घालून उपयोग नाही, त्याच्या हातात काहीच नसतं.

शनिवार

कार्यक्रमांचा दिवस. चित्रं बघायची असतील तर उद्घाटनाची संध्याकाळ टाळावी. तिथे माणसं भेटतात, चित्रं नाहीत. क्युरेटरची, म्हणजे प्रदर्शन जुळवणाऱ्या तज्ज्ञाची, फेरी मात्र चुकवू नये, आणि ती दुसऱ्या भेटीला ठेवावी, म्हणजे आपले प्रश्न तयार असतात. पाऊण तासाच्या फेरीत पाच-सहा चित्रांच्या वर जमत नाही. घोळक्यात बोलणाऱ्याच्या मागे उभं राहिलं तर आवाज पुढच्यांकडे जातो आणि आपल्याला पाठ दिसते, म्हणून चित्राच्या दुसऱ्या अंगाला जागा धरावी. विचारायला चांगला प्रश्न: ही दोन चित्रं शेजारी का लावली? त्यावर क्युरेटरची कळी खुलते. 'याची किंमत किती' याला उत्तर मिळत नाही.

मुलांच्या कार्यशाळेत एक चूक सर्रास होते. आधी तासभर दालनं फिरवतात आणि दमलेल्या मुलांच्या हातात कागद देतात. त्याऐवजी दहा-पंधरा मिनिटं, दोनच चित्रं, तीही जमिनीवर बसून, आणि मग पाऊण तास हातकाम. ओले रंग कार्यशाळेच्या खोलीतच. दालनात पेन्सिल चालते, शाईचं पेन नाही, कारण पेन्सिलीचा चुकार ओरखडा निघण्याची आशा असते, शाईचा डाग निघत नाही. खोडरबराची भुकटी खाली पडू देऊ नये, मऊ मळीव रबर न्यावं. वही हातात मावेल एवढी. पाठपिशवी पुढे घ्यावी, कारण फ्रेमला धक्का लागतो तो मागे वळताना. खाऊ, पाणी आणि ताजी फुलं आत नेऊ देत नाहीत त्यामागे किडे आहेत. भिंतीच्या तळाशी कोपऱ्यात पुठ्ठ्याचे छोटे चिकट सापळे ठेवलेले असतात. त्यात कसर किंवा गालिच्याचे भुंगेरे किती सापडले हे ठरावीक दिवसांनी मोजून लिहून ठेवतात. मुलांना तो सापळा लांबून दाखवला की खाऊचा नियम पुन्हा सांगावा लागत नाही.

दालनातल्या मैफली हा जरा नाजूक विषय. मोठ्या स्पीकरच्या खर्जाने भिंती थरथरतात, सुटत आलेल्या रंगाच्या खपल्यांना ते सोसत नाही. विनास्पीकरचं वाद्य उत्तम. संग्रहालयातल्या मैफलींचा सगळ्यात गाजलेला काळ तर भिंती मोकळ्या असतानाचा. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं आधी वेल्समध्ये इतरत्र आणि १९४१ पासून तिथल्याच मॅनॉडच्या दगडखाणीत हलवली होती आणि रिकाम्या दालनांत मायरा हेस या पियानोवादिकेने ऑक्टोबर १९३९ पासून दुपारच्या मैफली सुरू केल्या. १९४६ पर्यंत १,६९८ मैफली झाल्या. १९४२ पासून दर महिन्याला एकच चित्र खाणीतून आणून मांडू लागले आणि लोक त्या एकट्या चित्रासाठी येत. हंगामी प्रदर्शनांमध्ये तीनशे वस्तू कोंबणाऱ्यांनी यावर थोडा विचार करायला हरकत नाही.

१८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन १९७७ पासून पाळला जातो. त्या दिवशी पुष्कळ ठिकाणी प्रवेश मोफत असतो, साहजिकच झुंबड. त्या दिवशी चित्रं न बघता एरवी बंद असलेली दारं बघावीत: संवर्धन कक्ष, चौकटींची कार्यशाळा, साठवणीची खोली.

रविवार

शेवटच्या दोन दिवसांत गर्दी दुप्पट वाटते, तेव्हा त्याआधीच्या आठवड्यातला मधला वार धरावा, उघडतानाची किंवा बंद होण्यापूर्वीची वेळ. प्रदर्शन उतरल्यावर दालन दोन-तीन आठवडे बंद असतं. नव्या चित्रांच्या पेट्या आल्या तरी लगेच उघडत नाहीत, आतली हवा खोलीच्या तापमानाला आणि आर्द्रतेला येईपर्यंत साधारण चोवीस तास त्या तशाच ठेवतात. मग प्रत्येक तडा आणि डाग जुन्या स्थिती-अहवालाशी ताडून बघतात, आणि तेव्हा कुठे चित्र भिंतीवर चढतं. या दिवसांत भेट आखली तर अर्धा मजला दोरी लावून बंद केलेला सापडतो.

आणि जे कागद पेटीत गेले त्यांची वाट पाहत बसायची तेवढी गरज नाही. ब्रिटिश म्युझियमसारख्या संग्रहालयांत मुद्राचित्रं आणि रेखाटनांची अभ्यासिका असते. आधी वेळ घेऊन कुणीही तिथे ठरावीक संख्येने कामं मागवू शकतं, आणि काचेशिवाय, टेबलावर, हातभर अंतरावरून ती बघायला मिळतात. काही आठवडे आधी अर्ज करावा, हात धुऊन कोरडे करून जावं, फक्त पेन्सिल न्यावी, कागद स्वतः न उलटता तिथल्या माणसाला सांगावं. अर्जात पाटीवरचा नोंदक्रमांक लिहावा. 'निळ्या साडीतली बाई, उजवीकडची भिंत' असं लिहिलं तर ती बाई सापडेपर्यंत पुढचा हंगाम लागतो.