आमची वाटचाल: आगळापासून लेबलपर्यंत

आम्ही कोकमाचे पदार्थ करतो. सुरुवात आगळाने, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाने झाली. पिकून लालजांभळा झालेला रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, फोडायचा, गर आणि बिया काढायच्या, सालीला तिच्या वजनाच्या साधारण 16 टक्के मीठ लावून आठवडाभर रोज ढवळायचं. सुटलेलं पाणी गाळलं की आगळ. कृती कोकणातल्या घराघरातली, पण पिंपांनी करायला गेलो तेव्हा फटका बसला भांड्यांचा. कोकमाचं आम्ल अॅल्युमिनियम खातं, लोखंड लागलं की रस काळवंडतो. आता फक्त स्टील आणि खाद्यपदार्थांसाठीची प्लॅस्टिकची पिंपं.

मग अमृत कोकम, म्हणजे सरबतासाठीचा साखरेतला गोड रस, आणि तिथे रंगाने छळलं. लाली येते अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांमुळे. मुख्य दोन, सायनिडिन-3-ग्लुकोसाइड आणि सायनिडिन-3-सॅम्ब्युबायोसाइड. आंबट रसात ती लालभडक राहतात, पण उष्णता, उजेड आणि हवा लागली की विटतात. टिकावं म्हणून पाक उकळला की बाटली आधी विटकरी, मग तपकिरी. म्हणून आम्ही विस्तवच बंद केला: एक किलो सालीला दोन किलो साखर, थरावर थर, आणि साखर पूर्ण विरघळेपर्यंत रोज तळापासून ढवळणं. तळाशी साखर तशीच बसली तर वरचा रस पातळ राहतो आणि फसफसतो. बाटली काठोकाठ भरून अंधारात.

आमसुलांना ऊन लागतं. साल गराच्या रसात बुडवून वाळवायची, अशी चार-पाच पुटं. मधेच वळीव आला तर बुरशी ठरलेली, म्हणून ड्रायर घेतला. तयार आमसूल दोन बोटांत दाबलं की लवलं पाहिजे, ओल मात्र बोटाला लागता कामा नये.

औषधी गुणांबद्दल आमचं मत पक्कं आहे. सालीतलं पिवळं गार्सिनॉल सूज कमी करतं असं पेशींवरच्या आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. पण ते तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच. बहुतेक सगळं चोथ्यात राहतं. सरबताच्या बाटलीवर त्याचं नाव छापणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक. हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल मात्र रसात उतरतं, आंबटपणा मुख्यतः त्याचाच. त्यावरून ‘वजन घटवतं’ असं छापा, असा व्यापाऱ्यांचा आग्रह असतो. कोकमाच्याच कुळातल्या गार्सिनिया कँबोजियाच्या अर्काची माणसांवरची चाचणी 1998 साली प्रसिद्ध झाली: रोज 1500 मिलिग्रॅम हे आम्ल 12 आठवडे देऊनही, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा वजन लक्षणीय जास्त उतरलं नाही.

‘वजन घटवतं’ हे वाक्य आमच्या लेबलवर नाही. तिथे ठळक छापलंय ते अमृत कोकमातल्या साखरेचं आणि आगळातल्या मिठाचं प्रमाण. रक्तदाब असलेल्या माणसाला पेल्यात आगळ ओतण्याआधी तेच कळायला हवं.