गिझरची एमसीबी बदलताना

आज आमच्या डीबीतली (घरातल्या विजेच्या वितरण पेटीतली) गिझरची एमसीबी, म्हणजे प्रवाह जादा झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, वायरमनदादांकडून बदलून घेतली. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर जेमतेम 9 अँपिअर घेतो, त्यामुळे 16 अँपिअरची एमसीबी सारखी पडावी याचे मला नवल वाटत होते. मेन स्विच बंद करून टेस्टरने खात्री केल्यावर त्यांनी जुनी एमसीबी काढली, तेव्हा टर्मिनलजवळचे प्लास्टिक तपकिरी झालेले आणि वायरचे तांबे काळवंडलेले दिसले. स्क्रू सैल राहिला की तिथे रोध वाढतो, उष्णता साचते आणि तिनेच आतली द्विधातूची पट्टी वाकून एमसीबी पडते. दादांनी काळवंडलेले टोक कापले, ताजे तांबे सोलून स्क्रू घट्ट आवळला आणि वायर ओढून पाहिली. हे ओढून पाहणे मला फार आवडले.

‘सरळ 32 ची टाका’ असा सल्ला शेजारून आला होता. तो धोकादायक आहे, कारण एमसीबी मुख्यतः भिंतीतल्या वायरच्या रक्षणासाठी असते आणि आमच्या पाइपातून गेलेल्या 2.5 चौरस मिलिमीटरच्या वायरला 32 अँपिअरचा सततचा भार झेपणार नाही. म्हणून 16 अँपिअरचीच, सी कर्व्हची (सुरुवातीचा क्षणिक जादा प्रवाह सहन करणारी) एमसीबी बसवली. वीज सुरू केल्यावर आरसीसीबीचे (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे) टेस्ट बटणही दाबून पाहिले. ती तत्काळ पडली.