स्वभावाच्या रकान्यात अडकलेली चिंगी

थेरपी डॉग तयार करायचा म्हणजे कुत्र्याला शिकवायचं, एवढंच मी धरून चालले होते. चिंगी शिकली. बस, थांब, सोड, जवळ ये, सगळं शिकली आणि फारसं न छळता शिकली. आमचं घोडं अडलं ते थेरपी डॉगची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या फॉर्मच्या तिसऱ्या पानावर, खालून दुसऱ्या रकान्यात. आज चिंगी रीतसर नोंदणी झालेली थेरपी डॉग आहे, नेमाने भेटींना जाते, तरी त्या रकान्यावरचा माझा राग काही उतरलेला नाही. तो राग बाजूला सारून उपयोगाचं तेवढं उचला.

आधी एक घोळ मिटवते, कारण नातेवाइकांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे तो घालतात. सर्व्हिस डॉग वेगळा. तो एका माणसाचा असतो, अंध व्यक्तीला वाट दाखवतो, व्हीलचेअरवरच्या माणसाला खाली पडलेली वस्तू उचलून देतो. थेरपी डॉग आपल्याच घरचा कुत्रा असतो आणि आपल्यासोबत इस्पितळात, वृद्धाश्रमात, शाळेत जाऊन परक्या माणसांना भेटतो. सर्व्हिस डॉगला काही देशांत सार्वजनिक ठिकाणी सोबत नेण्याची कायद्याने मुभा असते, थेरपी डॉगला ती नसते. त्याने बोलावलं तिथेच जायचं. आणि ‘थेरपी डॉग’ लिहिलेलं जॅकेट ऑनलाइन मागवून अंगावर चढवलं म्हणजे कुत्रा थेरपी डॉग होत नाही, हे दहा जणांना सांगून झालं आहे, अकराव्यांदा इथे.

शिकवण्याबद्दल थोडक्यातच सांगते, कारण त्यावर सांगणारे पुष्कळ आहेत. पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असताना जे बघतं, ऐकतं, हुंगतं, त्याची पुढे त्याला भीती कमी वाटते. चिंगी त्या वयात घरी आली आणि आमच्या घरी माणसांची ये-जा भरपूर, त्यामुळे टोपीवाले, काठीवाले, दाढीवाले, रडणारी पोरं असं सगळं तिच्या लवकर अंगवळणी पडलं. बाकी शिकवलं ते ट्रीट देऊन. ओरडून शिकवलेलं कुत्रं घरात ऐकतं आणि गर्दीत बिथरतं, असं आमच्या ट्रेनरचं मत होतं आणि आता माझंही आहे.

सगळ्यात जास्त मेहनत घ्या ती ‘सोड’वर. वॉर्डात जमिनीवर गोळी पडलेली असू शकते, आणि कुत्र्याच्या तोंडात ती गेली की पुढचं सगळं आपल्या हाताबाहेर. आम्ही आधी कोरडे बिस्किटाचे तुकडे टाकून सराव केला, मग तिला खरोखर आवडणाऱ्या गोष्टी टाकून. पट्टा ढिला ठेवून चालणं, गर्दीतून जाणं, अनोळखी माणसाने कुरवाळलं तरी उड्या न मारणं, दुसरं कुत्रं समोरून गेलं तरी आपल्या वाटेने जाणं, हेही आलंच. अमेरिकन केनेल क्लब या श्वानसंस्थेची १० कसोट्यांची ‘कॅनाइन गुड सिटिझन’ परीक्षा १९८९पासून आहे. तिच्यात हेच सगळं आहे, आणि थेरपी डॉगच्या परीक्षाही बऱ्याचशा त्याच वळणावर जातात. त्यातली शेवटची कसोटी, म्हणजे मालक तीन मिनिटं नजरेआड आणि पट्टा परक्याच्या हातात, ती घरी करून बघा. तीन मिनिटं किती लांब असतात ते कळेल.

तर फॉर्म.

पहिलं पान माझं, दुसरं चिंगीचं, तिसरं पशुवैद्याने भरायचं. तिसऱ्या पानावरच्या बहुतेक मागण्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. रेबीजची लस, जंतांसाठी स्टूल टेस्ट, अंगावर गोचिड-पिसवा नाहीत याची खात्री, हे सगळं हवंच. कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्याला घेत नाहीत, तेही बरोबर आहे. त्याच्या शीतून, लाळेतून साल्मोनेलासारखे जंतू आजारी माणसापर्यंत जाऊ शकतात. वय किमान एक वर्षाचं आणि मालकाच्या घरी काही महिने काढलेले असावेत, ही अटही पटते. पण या सगळ्याच्या खाली एक वाक्य छापलेलं होतं. हा प्राणी स्वभावाने सुरक्षित आहे आणि अनोळखी व्यक्तींच्या सहवासात कोणताही धोका निर्माण करणार नाही, असं पशुवैद्याने प्रमाणित करायचं. सही, शिक्का, तारीख.

आमच्या डॉक्टरांनी वरचं सगळं दोन मिनिटांत भरलं. तिथे पेन थांबलं.

“हे मी देणार नाही.”

“अहो डॉक्टर, पिल्लू होती तेव्हापासून ओळखता तुम्ही तिला.”

“ताई, मी तिला या टेबलावर ओळखतो. इथे ती घाबरून गप्प पडलेली असते. वॉर्डात कुणी तिची शेपटी ओढली तर काय करेल, ते मी इथे बसून कसं सांगू? आणि कोणताही धोका निर्माण करणार नाही, असं तर मी माझ्या स्वतःबद्दलही लिहून देणार नाही.”

ते चुकीचं बोलत होते असं म्हणायला मला जागाच नव्हती. चिंगीने उद्या कुणाला ओरबाडलं तर पहिला कागद त्यांच्या सहीचा निघणार. मी रकाना तसाच ठेवून फॉर्म पाठवून दिला आणि वाटलं, संस्थेलाही समजेल.

संस्थेने तो ‘अपूर्ण’ असा शिक्का मारून परत धाडला. मी फोन केला. पलीकडच्या बाई शांत होत्या, आणि त्याचाच जास्त वैताग आला.

“रकाना रिकामा चालत नाही.”

“मग ‘लागू नाही’ लिहू?”

“तेही चालत नाही.”

“पण स्वभाव तर तुमच्याच परीक्षक बघणार ना? परीक्षा त्याचीच असते ना?”

“हो, पण फॉर्म पूर्ण झाल्याशिवाय परीक्षेची तारीख देता येत नाही.”

म्हणजे बघा. स्वभाव चांगला आहे की नाही ते परीक्षेत ठरणार, आणि परीक्षेला बसायला स्वभाव चांगला असल्याचा दाखला हवा. मी हे त्यांना असंच्या असं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, तुमचं म्हणणं कळवते. कुणाला कळवलं, देव जाणे.

मग मी ट्रेनरचं पत्र पाठवलं. ट्रेनरने चिंगीला शेकडो माणसांत पाहिलं होतं, तेव्हा या विषयात त्याच्याइतका जाणकार कोण? उत्तर आलं, ट्रेनर हे पशुवैद्य नाहीत. ईमेल लिहिला तर आपोआप उत्तर, आपला अर्ज प्रक्रियेत आहे. कसला प्रक्रियेत, अर्ज माझ्या टेबलावर पडला होता! वैतागून मी एका दुसऱ्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी चिंगीकडे मान वर करून पाहिलंही नाही, शिक्का हातातच होता. म्हणाले, “कुठे सही करायची?” मी कागद उचलला आणि घरी आले. ज्यांनी कुत्रं पाहिलेलं नाही त्यांची सही चालते आणि ज्यांनी पाहिलंय ते सही करत नाहीत, यातच त्या रकान्याची काय किंमत आहे ते कळतं. पण ती सही माझ्या नावाखाली पाठवायची माझी तयारी नव्हती.

या सगळ्यात स्टूल टेस्टची मुदत संपली. ती ठरावीक काळातलीच असावी लागते. पुन्हा नमुना, पुन्हा डबी, पुन्हा सकाळी तिच्या मागे-मागे फिरणं. लॅबमधल्या मुलाने विचारलं, कुत्रं आजारी आहे का? म्हटलं, कुत्रं ठणठणीत आहे, फॉर्म आजारी आहे. दरम्यान परीक्षेची एक फेरी होऊनही गेली, आणि पुढची लागलीच नव्हती. शिकून तयार झालेल्या कुत्र्याला नुसतं बसवून ठेवणं किती कठीण असतं, ते मला त्या काळात कळलं. सराव सोडला तर विसरते, रोज तोच सराव केला तर कंटाळून माझ्याकडे पाठ करून बसते. त्यावर आम्हाला जमलेला उपाय म्हणजे जागा बदलत राहणं. तेच ‘थांब’, पण आज जिन्यात, उद्या लिफ्टच्या दाराशी, परवा रस्त्याच्या कडेला.

त्या रिकाम्या दिवसांत मी थेरपी डॉगबद्दल हाताला लागेल ते वाचत होते. या क्षेत्रात बोरिस लेव्हिन्सन हे नाव सारखं येतं. हे अमेरिकेतले बालमानसतज्ज्ञ. त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा एकदा खोलीत असताना एक मूल वेळेआधीच आलं. एरवी कुणाशी न बोलणारं ते पोर कुत्र्यात रमलं, आणि तिथून लेव्हिन्सन यांना वाट सापडली. १९६२मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला, पण सुरुवातीला अनेक जण हसले म्हणतात. नोंदणी-परीक्षांची सुरुवात नंतरची. एलेन स्मिथ या नर्सने १९७६मध्ये थेरपी डॉग्ज इंटरनॅशनल ही संस्था काढली, त्या सुमारास. नोंदणी हवीच, आजारी माणसासमोर कुठलंही कुत्रं नेऊन बसवता येत नाही. पण जिंगल्सला स्वभावाचा दाखला आधी मागितला असता तर ते पोर अजून दाराबाहेरच बसलेलं असतं, असं मी त्या दिवसांत येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होते.

मार्ग शेवटी डॉक्टरांनीच काढला. लस टोचायला गेलो होतो तेव्हा म्हणाले, “मला पुढचं सांगता येत नाही. मागचं सांगता येतं. ते लिहून देऊ?” आणि त्यांनी स्वतःच्या लेटरहेडवर लिहून दिलं, की ही कुत्री पिल्लू असल्यापासून माझ्याकडे तपासणीला येते, तपासताना तिने गुरगुरण्याचा किंवा चावण्याचा प्रयत्न केलेला नाही, कुणाला चावल्याची नोंद माझ्याकडे नाही. फॉर्मवरच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘सोबतचे पत्र पाहावे’, आणि खाली सही.

फॉर्म मंजूर झाला. का झाला, तर रकाना आता रिकामा नव्हता. आतमध्ये काय लिहिलंय ते कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. मला आनंद झाला आणि संतापही आला, दोन्ही एकदमच, आणि मी चिंगीला जरा जास्तच ट्रीट दिल्या.

म्हणून माझं ऐका. शिकवायला सुरुवात करण्याआधी संस्थेकडून कोरा फॉर्म मागून घ्या आणि तो सगळाच्या सगळा आपल्या डॉक्टरांना वाचायला द्या. सही मागायला नाही, नुसता वाचायला. कुठे पेन अडेल ते तेच सांगतील. आणि स्टूल टेस्ट सगळ्यात शेवटी करा, बाकीचे सगळे रकाने भरल्यावर.

परीक्षा? ती अर्ध्या सकाळीत झाली. मागे धाडकन धातूचं भांडं पाडलं, चिंगी दचकली, वळून पाहिलं आणि परत माझ्याकडे बघत बसली. दचकलेलं चालतं, ते किती लवकर सावरतं ते बघतात. कुबड्या टेकत कुणी जवळ आलं, कुणी मोठ्याने ओरडलं, तिघा-चौघांनी एकदम तिच्यावर हात फिरवला, वेडावाकडा, जरा दाबूनच. या सगळ्यात परीक्षक बाईंची नजर माझ्यावर जास्त होती. एका वेळी चिंगीने जांभई दिली तशा त्या म्हणाल्या, “आता ती काय सांगतेय?” मी म्हटलं, “पुरे झालं म्हणतेय,” आणि तिला बाजूला घेतलं. माझ्या मते आम्ही तिथेच पास झालो. जांभई, सारखे ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, शेपूट आत घेणं, हे ओळखता आलं पाहिजे आणि त्याच क्षणी कुत्र्याला तिथून काढता आलं पाहिजे. ज्याला लोक नुसते सोसावे लागतात त्या कुत्र्याला या कामाला लावू नये, मग ते घरात कितीही गोड असो. आमच्या ट्रेनरने त्याच्याकडचं एक अतिशय हुशार कुत्रं याच कारणाने या कामातून स्वतःहून काढून घेतलं, आणि त्याच्या मालकाने ते मनाला लावून घेतलं नाही याचं मला कौतुक आहे.

विसरले होते, भेटीच्या आदल्या दिवशी नखं कापून कानशीने घासा. म्हाताऱ्या माणसांची कातडी कागदासारखी पातळ असते, कुत्र्याने लाडाने टाकलेला पंजाही ओरखडा काढतो. भेटणाऱ्या प्रत्येकाने आधी आणि नंतर हात स्वच्छ करायचे, आपणसुद्धा, त्यामुळे सॅनिटायझर माझ्या खिशातच असतं. काही संस्था एका भेटीला दोन तासांची मर्यादा घालतात. चिंगीचं त्याच्या निम्म्यातच भागतं, आणि मी घड्याळापेक्षा तिच्याकडे बघून उठते.

जॅकेट फक्त भेटीच्या वेळीच चढवते. ते अंगावर आलं की आपल्याला काम आहे हे तिला कळतं, चालच बदलते. परत आल्यावर दारातच काढते. त्यानंतर तिने पाहुण्यांच्या चपला पळवल्या तर त्याच्याशी संस्थेचा काही संबंध नाही.