उकिरड्यातून परत आलेले पेले

गेल्या वैशाखात खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या घरी शेणखत ट्रॉलीत भरण्याचे काम चालले होते. रोहिणी लागायच्या आत खत शिवारात पडले पाहिजे, म्हणून सकाळपासून घरातली सगळी माणसे उकिरड्यावर होती. वहिनींनी मला हाक मारली आणि फावड्याच्या टोकाला अडकलेला एक पारदर्शक पेला पुढे धरला. "भावजी, तुमचे ते कुजणारे पेले बघा, वर आलेत."

ते पेले मीच आणले होते. त्याच्या आदल्या वर्षी गावची लक्ष्मी यात्रा होती, घरोघर पै-पाहुणे होते, आणि शंभर-दीडशे माणसांच्या सरबतासाठी प्लास्टिकचे पेले नकोत असा आग्रह मी धरला होता. बेळगावच्या बाजारातून जास्त पैसे मोजून मी ‘कंपोस्टेबल’ असे छापलेले पेले आणले, जेवणासाठी उसाच्या बगॅसची, म्हणजे रस काढल्यावर उरणाऱ्या चोथ्याची, ताटे आणली आणि आईच्या हट्टामुळे थोड्या पळसाच्या पत्रावळीही आणल्या. यात्रा उरकल्यावर ते सगळे मी स्वतःच्या हाताने उकिरड्यात टाकले. तेरा महिन्यांनी खत उपसताना पत्रावळींचा मागमूस उरला नव्हता. बगॅसच्या ताटांची ओळख पटेल असा एकही तुकडा सापडला नाही. पेले मात्र जसेच्या तसे निघाले. एक पेला मी नळाखाली धुतला, तेव्हा त्यावरचे हिरवे पान आणि त्याखालची अक्षरे सहज वाचता आली.

मी तीस वर्षे महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे वहिनींच्या प्रश्नाला मला नीट उत्तर देणे भाग होते. पेल्यावरचा दावा खोटा नव्हता. परंतु तो कोणत्या खड्ड्यापुरता खरा आहे, हे पेल्यावर कोठेही लिहिलेले नव्हते, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयाचे मर्म तेथेच आहे. कुजणे हा एकट्या पदार्थाचा गुण नाही. पदार्थ, त्याच्याभोवतीचे पाणी, उष्णता, हवा आणि तेथे राहणारे सूक्ष्मजीव यांच्यामध्ये घडणारी ती क्रिया आहे, आणि यांतले एक जरी बदलले तरी उत्तर बदलते.

तो पेला पॉलिलॅक्टिक आम्लाचा, म्हणजे व्यवहारात ज्याला पीएलए म्हणतात त्या पदार्थाचा होता. दही ज्याने आंबट होते त्या लॅक्टिक आम्लाच्या रेणूंची लांबच लांब साखळी म्हणजे पीएलए. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेवर जिवाणू वाढवून लॅक्टिक आम्ल मिळवतात आणि मग रासायनिक क्रियेने त्याची साखळी बांधतात. मूळ वनस्पतीजन्य असल्यामुळे हा पदार्थ आपोआप मातीत मिसळेल असे वाटते, आणि गोंधळ येथूनच सुरू होतो. एवढी लांब साखळी जिवाणूला पेशीत घेता येत नाही. आधी पाण्याने तिच्यातले एस्टर बंध, म्हणजे साखळीची कडी जोडणारे दुवे, तोडावे लागतात, साखळीचे पुरेसे लहान तुकडे व्हावे लागतात, आणि त्यानंतरच जिवाणू व बुरशी त्यांचा अन्न म्हणून उपयोग करू शकतात. ही पहिली पायरी उष्णतेवर अवलंबून असते. साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या खाली पीएलए काचेसारखा ताठर राहतो, त्याच्या साखळ्या जागच्या जागी जखडलेल्या असतात आणि पाण्याचा शिरकाव फार मंद होतो. त्या तापमानापर्यंत पोहोचल्यावर साखळ्या हलू लागतात आणि तुटण्याचा वेग एकदम वाढतो. पीएलए पचवणारे जिवाणू मातीत नाहीतच असेही नाही. जपानमधील संशोधकांनी १९९७ मध्ये मातीतून अमायकोलाटॉप्सिस गटातील असा एक जिवाणू वेगळा केला होता. मात्र असे जिवाणू मातीत विरळा आढळतात.

‘कंपोस्टेबल’ या शब्दामागे जी मानके असतात तीही याच उष्णतेच्या हिशेबाने बांधलेली आहेत. युरोपच्या ईएन १३४३२ या मानकानुसार औद्योगिक कंपोस्टच्या परिस्थितीत बारा आठवडे ठेवलेला पदार्थ दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळला असता त्यातला दहा टक्क्यांहून अधिक भाग चाळणीवर उरता कामा नये, आणि सहा महिन्यांत त्याच्या कार्बनपैकी नव्वद टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतरित झाला पाहिजे. ही दुसरी चाचणी ५८ अंशांच्या आसपास घेतली जाते. भारतात आयएस/आयएसओ १७०८८ हे त्याच धर्तीचे मानक आहे.

आता आमचा उकिरडा पाहू. रोज पहाटे गोठ्यातील एक-दोन पाट्या शेण, ओला झालेला पेंढा, चुलीची राख आणि भाजीचे देठ त्यात पडतात. एकाच वेळी मोठा ढीग रचला, तो उलटापालटा केला आणि ओलावा राखला तर तो तापतो. रोज थोडे थोडे पडणाऱ्या खड्ड्याला ती ऊब कधी मिळतच नाही. पेला सापडला त्या दिवशी मी ढिगाच्या पोटात हातभर खोल थर्मामीटर घातला. बाहेर ३६ अंश होते आणि आत ४१. जुलैत पुन्हा पाहिले तेव्हा खड्डा पावसाने तुडुंब भरला होता आणि पारा २७ वर होता. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला वेगळे सांगायला नको की, त्या चार महिन्यांत आमच्या खड्ड्यात हवा शिरतच नाही. अशा थंड, पाण्याने भरलेल्या, प्राणवायू नसलेल्या जागेत पीएलएच्या पेल्याला तेरा महिने काहीही झाले नाही, यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नव्हते. ते मला पेले विकत घेण्यापूर्वी सुचायला हवे होते.

हा अनुभव केवळ आमच्या घरचा नाही. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठातील इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी वेगवेगळ्या प्रकारच्या पिशव्या उघड्या हवेत, मातीत आणि समुद्राच्या पाण्यात तीन वर्षे ठेवून पाहिल्या आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण तीच पिशवी मातीत २७ महिन्यांनंतरही शिल्लक होती. एकच पिशवी आणि दोन जागी दोन उत्तरे! ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकली जाणारी पिशवी तर तीन वर्षे मातीत राहूनही बाजाराचे सामान वाहण्याइतकी धड होती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी सामान्य नागरिकांना घरच्या परसातील कंपोस्ट खड्ड्यांत अशा वस्तू टाकून पाहायला सांगितले होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, घरी कुजतील असे सांगून विकल्या गेलेल्या वस्तूंपैकी साठ टक्के वस्तू पूर्णपणे विरल्या नव्हत्या.

याच कुळातील पदार्थ दुसऱ्या जागी किती निमूटपणे आपले काम करतो, हेही सांगितले पाहिजे. माझ्या पुतणीचे बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले, तेव्हा आतले टाके काढावे लागले नाहीत, ते विरघळले. शस्त्रक्रियेत सर्रास वापरले जाणारे असे धागे ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्लांच्या मिश्र साखळीचे असतात. त्यातील ग्लायकोलिक भागामुळे पाणी साखळीत लवकर शिरते, शरीर सदैव ३७ अंशांवर आणि ओले असते, त्यामुळे दोन-तीन महिन्यांत धागा तुटून त्याचे घटक शरीराच्या नेहमीच्या व्यवहारात मिसळून जातात. हाड जोडण्यासाठी शुद्ध पीएलएचा स्क्रू घातला तर त्याला मात्र वर्षानुवर्षे लागतात. जैवपदार्थांवर काम करणारे वैद्यकातील संशोधक पदार्थ निवडण्याआधी तो कोठे ठेवायचा आहे हे विचारतात. जेवणावळीचे पेले बनवणाऱ्यांनी आणि ते विकत घेणाऱ्या आपणही तोच प्रश्न आधी विचारायला हवा.

पळसाच्या पानाला हा प्रश्न कधी पडला नाही, कारण ते जेथे पडते तेथेच त्याला खाणारे राहतात. पानाचा मुख्य तंतुमय घटक असलेले सेल्युलोज पचवणारे जिवाणू आणि बुरशी आमच्या मातीच्या प्रत्येक चिमटीत आहेत. लिग्निनसारखा चिवट घटकही काही बुरशा हळूहळू फोडतात. बगॅसचेही तसेच. शंभर किलो ऊस गाळला की सुमारे तीस किलो ओलसर बगॅस उरते आणि त्यात जवळपास निम्मे पाणी असते. निपाणी-चिकोडीपासून अथणीपर्यंतचे साखर कारखाने ती प्रामुख्याने बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज काढतात. तिचा लगदा करून साच्यात दाबला की ताट तयार होते. येथे एक सावधगिरी सांगणे मला आवश्यक वाटते. रस्सा किंवा तेल झिरपू नये म्हणून अशा ताटांना काही ठिकाणी फ्लोरिनयुक्त रसायने लावली जात, आणि ती रसायने निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. डेन्मार्कने २०२० मध्ये अन्नाच्या कागदी वेष्टनांत त्यांच्यावर बंदी घातली आणि अमेरिकेत तेलरोधक म्हणून होणारी त्यांची विक्री थांबल्याचे तेथील अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये जाहीर केले. म्हणून ताट कुजले म्हणजे सगळे संपले असे समजू नये. ताट विकत घेताना त्याला कसला लेप आहे, हे दुकानदाराला विचारावे.

मला ज्या पदार्थाविषयी सर्वाधिक आशा वाटते तो आमच्या मातीतच आहे. फ्रान्समधील पाश्चर संस्थेतील मॉरिस लमवान्य यांनी १९२६ मध्ये बॅसिलस मेगाटेरियम या जिवाणूत पीएचबी नावाचे पॉलिएस्टर शोधले. अन्न मुबलक आणि नत्रासारखा एखादा घटक कमी असला की हे जिवाणू जास्तीचा कार्बन पीएचबीच्या कणांच्या रूपात साठवून ठेवतात, जसे आपण कणगीत भात साठवतो तसे. मी दरवर्षी विद्यार्थ्यांना आमच्या शेतातील मातीतून जिवाणू वाढवायला लावून काचपट्टीवर सुदान ब्लॅक हा रंग द्यायला सांगत असे. सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी पेशींच्या पोटात काळे, गोल ठिपके उमटत. पहिल्यांदा ते पाहणाऱ्या मुलामुलींचे चेहरे मला अजून आठवतात, कारण ते ठिपके प्लास्टिकच्याच जातीचे आहेत हे त्यांना सांगितल्यावर ती पुन्हा भिंगाला डोळा लावत. जो साठा असंख्य जिवाणू स्वतः करतात तो फोडण्याची विकरेही (एन्झाइम) मातीत सर्वत्र असतात, आणि त्यामुळे पीएचबी साध्या मातीच्या उष्णतेतही कुजते.

अडचणी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. पीएचबी ठिसूळ असते, ते सुमारे १७५ अंशांवर वितळते आणि त्याच्या थोडे पुढे गेले की बिघडू लागते, शिवाय जिवाणूंच्या पोटातून ते वेगळे काढण्याचा खर्च मोठा असल्याने त्याची किंमत नेहमीच्या प्लास्टिकच्या कित्येक पट पडते. तरीही ब्राझीलमध्ये साओ पावलो राज्यातील सेराना येथे साखर कारखान्याला जोडूनच, उसाची साखर खाद्य म्हणून आणि बगॅसची उष्णता इंधन म्हणून वापरून, १९९० च्या दशकात पीएचबीचा प्रायोगिक प्रकल्प उभा राहिला होता. आपल्याकडे सध्या ओढा पीएलएकडे आहे: पुणे जिल्ह्यातील जेजुरी येथे २०२४ मध्ये प्राज इंडस्ट्रीजचे जैवपॉलिमरचे प्रात्यक्षिक केंद्र सुरू झाले आणि उत्तर प्रदेशात उसापासून पीएलए बनवणारा मोठा कारखाना उभारण्याची घोषणा त्याच वर्षी झाली. मी या प्रयत्नांच्या विरोधात नाही. पण पीएलए स्वस्त होऊन आमच्या यात्रांपर्यंत पोहोचण्याआधी तो खानापूरच्या तांबड्या मातीत आणि अथणीच्या काळ्या मातीत, पावसात आणि उन्हाळ्यात, कसा वागतो हे कोणीतरी शास्त्रशुद्ध रीतीने मोजले पाहिजे. बेळगावात साखरेची संस्था आहे, महाविद्यालये आहेत, प्रयोगशाळा आहेत. या कामाला लागते ती मुख्यतः चिकाटी.

कायद्याने निदान शब्द नेमके करायला सुरुवात केली आहे. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटे, पेले, चमचे अशा वस्तूंवर देशभर बंदी आली. २०२४ च्या सुधारित नियमांत जैवविघटनशील प्लास्टिकची व्याख्या करताना विशिष्ट पर्यावरणाचा उल्लेख आला आणि मागे सूक्ष्मप्लास्टिक उरता कामा नये, अशी अटही आली.

माझ्यापुरते मी एक छोटे काम हाती घेतले आहे. कांद्याच्या जाळीच्या पिशव्यांत पळसाचे पान, बगॅसच्या ताटाचा तुकडा आणि त्या पेल्याचा तुकडा असे तीन-तीन नमुने घालून मी त्या तीन ठिकाणी पुरल्या: उकिरड्याच्या कडेला, भाताच्या बांधावर आणि परसातल्या केळीच्या बुडात, जेथे सांडपाणी जाते. प्रत्येक जागी खूण म्हणून एक-एक दगड ठेवला आहे. दिवाळीत पिशव्या उकरल्या तेव्हा केळीच्या बुडातील पान पूर्ण गेले होते, ताटाचा तुकडा बोटांनी चुरगळत होता, आणि पेल्याच्या तुकड्याची कड पूर्वीइतकीच धारदार होती. त्या पुन्हा पुरल्या आहेत.

येत्या मार्गशीर्षात धाकट्या पुतणीचे लग्न आहे. पत्रावळी शेजारच्या गावातील बायकांकडून लावून घ्यायच्या असे ठरले आहे, आणि पाण्यासाठी देवळाच्या भांड्यांतले स्टीलचे दोनशे पेले वहिनींनी आधीच सांगून ठेवले आहेत.