ईम: प्लेगच्या गावात पायी फिरताना

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात, शेफील्डच्या नैर्ऋत्येला, पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात हे गाव आहे. नकाशावरचं स्पेलिंग वाचून 'इयाम' म्हणावंसं वाटतं. बसमध्ये चढताना मात्र 'ईम' म्हणा, नाहीतर चालक दोनदा विचारेल. एकच मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना करड्या दगडाची घरं, मध्ये चर्च, आणि जुना धंदा शिसं खणण्याचा. सप्टेंबर 1665 ते नोव्हेंबर 1666 या काळात इथे प्लेग झाला. साथ बाहेर पसरू नये म्हणून गावाने स्वतःभोवती सीमा आखून घेतली. परंपरेने मृतांचा आकडा 260 सांगतात. आपल्याकडे 1897 च्या सुमारास उंदीर पडायला लागले की गावं रिकामी व्हायची आणि माणसं रानात झोपड्या बांधून राहायची. इथे उलट घडलं, म्हणून मराठी माणसाला हे गाव जरा जास्तच विचार करायला लावतं.

शेफील्डहून थेट बस आहे, पण ती दिवसभरात मोजक्याच वेळा धावते. क्रमांक आणि वेळा बदलत राहतात, त्यामुळे आदल्या रात्री वेळापत्रक बघा, रविवारचं तर नक्कीच. जाताना शेवटच्या परतीच्या बसची वेळ कागदावर लिहून घ्या. डोंगरात मोबाइलची रेंज जाते आणि नेमकी तेव्हाच ती वेळ लागते. दुसरा मार्ग शेफील्ड-मँचेस्टर रेल्वेचा. ग्रिंडलफर्ड स्टेशनवर उतरून गावापर्यंत साधारण पाच किलोमीटर चालायचं, आणि त्यातला बराचसा चढ आहे. स्टेशनच्या तोंडाशीच टॉटलीचा बोगदा संपतो. 1893 साली पूर्ण झालेला हा बोगदा साडेपाच किलोमीटरहून लांब आहे. चालणाऱ्यांनी ऑर्डनन्स सर्व्हेचा 'व्हाइट पीक' नकाशा, ओएल 24, सोबत ठेवावा. फोनवरच्या नकाशात शेतांमधल्या पायवाटा नीट दिसत नाहीत.

गाडीने येणाऱ्यांनी हॉकहिल रोडवरचा वाहनतळ गाठावा. संग्रहालय त्याच्या समोरच आहे आणि शौचालयही तिथेच. मुख्य रस्त्यावर गाडी लावायच्या फंदात पडू नका. तो अरुंद आहे आणि तिथे राहणाऱ्यांना त्याचा ताप होतो.

फिरायचा क्रम पश्चिमेकडून पूर्वेकडे ठेवा. बहुतेक लोक आधी चर्च बघतात आणि पाय दुखायला लागले की संग्रहालयात शिरतात. हे उलटं करा. संग्रहालयाला तासभर द्या. कोण कोणत्या घरात राहत होतं आणि कोण कधी गेलं हे तिथे घरोघर मांडलं आहे. ते डोक्यात असलं की पुढे घरांवरच्या पाट्यांमधली नावं ओळखीची वाटतात. हिवाळ्यात संग्रहालय बंद असतं आणि एरवीही आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं, तेव्हा वार तपासून निघा. पिसू आणि उंदरांची माहिती वाचताना एक गोष्ट लक्षात असू द्या: पिसूंमुळे प्लेग पसरतो हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ याने 1898 मध्ये प्रयोगाने दाखवलं ते कराचीत, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. त्याच्या आदल्या वर्षी जानेवारीत जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिनने मुंबईत आपली प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली होती, आणि त्याच 1897 च्या मार्चमध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. ईमच्या लोकांना यातलं काहीच ठाऊक असणं शक्य नव्हतं.

संग्रहालयातून उतरून मुख्य रस्त्याला लागलात की ईम हॉल हा सतराव्या शतकातला वाडा आणि समोरच्या हिरवळीवर गुन्हेगारांचे पाय अडकवायचा लाकडी खोडा दिसतो. फोटो काढा आणि पुढे चला. चर्चच्या अलीकडची घरं म्हणजे 'प्लेग कॉटेजेस', आणि खरा थांबा तो. लंडनहून आलेल्या कापडाच्या गाठोड्यातून साथ आली असं सांगतात. कापड ओलसर होतं म्हणून ते चुलीपुढे वाळत घातलं. ते काम करणारा जॉर्ज व्हिकर्स 7 सप्टेंबर 1665 ला गेला. तो पहिला बळी. त्याच घरातला चार वर्षांचा एडवर्ड कूपर 22 सप्टेंबरला, बारा वर्षांचा जोनाथन 2 ऑक्टोबरला. त्यांचा सावत्र बाप अलेक्झांडर हॅडफील्ड पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये. आई मेरी तेवढी वाचली. हे सगळं दारासमोरच्या पाटीवर लिहिलेलं आहे. या घरांत आजही माणसं राहतात, तेव्हा पाटी वाचा, पण खिडकीतून आत डोकावू नका आणि फाटकाच्या आत पाऊल टाकू नका.

सेंट लॉरेन्स चर्चमध्ये अर्धा-पाऊण तास सहज जातो. आत मृतांच्या नावांची यादी आणि प्लेगची कथा सांगणारी रंगीत काचेची खिडकी आहे. बाहेर दक्षिणेच्या भिंतीवर 1775 चं छायाघड्याळ आहे. ते वाचायचं तर ऊन हवं, आणि डर्बीशरात ते मागून मिळत नाही. आवारात आठव्या शतकातला सॅक्सन क्रूस आहे. त्याच्या खांबाचा एक तुकडा हरवलेला असल्याने तो ठेंगणा दिसतो. जवळच कॅथरीन मॉम्पेसनची कबर आहे. पाद्री विल्यम मॉम्पेसनची ही बायको. मुलांना बाहेर पाठवून ती नवऱ्यापाशी राहिली आणि ऑगस्ट 1666 मध्ये गेली. आवारात प्लेगच्या कबरी शोधत हिंडू नका, फार सापडणार नाहीत. साथ वाढल्यावर चर्चच्या आवारात पुरणं बंद झालं आणि ज्याने त्याने आपापल्या बागेत, शेतात खड्डे खणले. क्रिकेटवाल्यांनी मात्र हॅरी बॅगशॉचा दगड शोधून काढावा. हा डर्बीशरचा खेळाडू 1927 मध्ये वारला. दगडावर यष्ट्यांवर आदळलेला चेंडू कोरला आहे, आणि वर पंचाचं उचललेलं बोट.

मॉम्पेसनच्या जोडीला थॉमस स्टॅन्ली हे नाव लक्षात ठेवा. 1662 च्या धार्मिक कायद्यापुढे मान न तुकवल्यामुळे या आधीच्या पाद्र्याचं पद गेलं होतं, पण गावाचा विश्वास त्याच्यावर होता. नव्या, तरुण पाद्र्याचं गावाने ऐकलं ते स्टॅन्ली त्याच्या बाजूने उभा राहिला म्हणून. फेरफटक्यांमध्ये स्टॅन्लीला दोन वाक्यं मिळतात. आमच्या मते हा अन्याय आहे. जून 1666 मध्ये दोघांनी मिळून तीन गोष्टी ठरवल्या: सीमा ओलांडायची नाही, प्रार्थना उघड्यावर कक्लेट डेल्फ या घळीत घ्यायची, आणि आपापली माणसं आपणच पुरायची. साथीचा कळस त्यानंतर आला. एकट्या ऑगस्टमध्ये 78 माणसं गेली. कक्लेट डेल्फ खासगी जमिनीत आहे. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, 'प्लेग संडे'ला, स्मरणाची प्रार्थना तिथे होते. एरवी जायचं असेल तर गावात विचारूनच.

चर्चपासून पुढे चौक लागतो. तिथून लिडगेट या गल्लीने दक्षिणेला वळा. वाटेत डार्बी घराण्याच्या दोन कबरी आहेत, आणि पुढे शेतांतून जाणारी पायवाट सीमेच्या दगडाशी पोचते. चौकातून पंधरा-वीस मिनिटं. दगडात सहा भोकं पाडलेली आहेत. त्यांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवायची आणि खालच्या स्टोनी मिडलटन गावच्या लोकांनी पलीकडून माल ठेवून ती न्यायची. व्हिनेगरने रोग धुतला जातो अशी समजूत होती. आता त्या भोकांत पावसाचं पाणी असतं आणि प्रवासी नाणी टाकतात. तुम्ही टाकायलाच हवीत असं नाही.

या वाटेवर बूट मजबूत हवेत. ओल्या चुनखडीवरून पाय सटकतो, आणि दगडी कुंपणांमधल्या चालण्याच्या फटी इतक्या अरुंद असतात की पाठीवरची मोठी सॅक अडकते. बाबागाडी इथे चालत नाही, मूल कडेवर किंवा पाठीवर घ्यावं लागतं. मेंढ्या असतात, तेव्हा फाटक उघडलंत तर लगेच लावा. वेळ आणि दम असेल तर दगडापासून खाली स्टोनी मिडलटनला उतरा. तिथल्या सेंट मार्टिन चर्चचा मुख्य भाग अष्टकोनी आहे, 1759 मधला. मात्र तिथून परत ईमला यायचं तर सगळा चढ पुन्हा चढावा लागतो.

रायली ग्रेव्हज गावाच्या पूर्वेला आहेत, तासाभराचा फेरा. वर जाणाऱ्या वाटेने चढल्यावर मोकळ्या शेतात गोल दगडी भिंत दिसते. आत हॅनकॉक कुटुंब आहे. एलिझाबेथ हॅनकॉकने ऑगस्ट 1666 मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. भोवतीची भिंत नंतरची. मॉम्पेसनची विहीर याहून वर, ग्रिंडलफर्डकडे जाणाऱ्या डोंगररस्त्यावर आहे. तिथेही सीमेवर माल ठेवत. विहीर म्हणजे कुंपण घातलेला एक छोटा झरा आहे, फार अपेक्षा ठेवू नका. ग्रिंडलफर्डहून चालत येणाऱ्यांना ती वाटेतच पडते, गावातून मुद्दाम चढून जायची गरज नाही.

मुलांना घेऊन येणाऱ्यांसाठी मार्शल हाव. हा प्लेगमधून बरा झालेला गडी. पुन्हा होणार नाही या भरवशावर तो मृतांना ओढून पुरायचा आणि मोबदल्यात घरातल्या वस्तू घ्यायचा. मग त्याची स्वतःची बायको आणि मुलगाही गेले. साथीनंतर कैक पिढ्या या गावात हट्टी मुलांना त्याच्या नावाची भीती घालत. दुसरं, 'रिंगा रिंगा रोझेस' हे प्लेगचं गाणं आहे असं कोणीतरी हमखास सांगतं. लोकसाहित्याचे अभ्यासक ते मानत नाहीत. इंग्लंडमध्ये हे गाणं छापलं गेलं 1881 मध्ये, आणि प्लेगशी त्याची सांगड त्याहून कितीतरी उशिरा घातली गेली.

कापडातल्या पिसूंची गोष्टही जरा सैल हाताने धरा. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने गावातल्या मृत्यूंच्या तारखा आणि कुटुंबं तपासली. त्यात सुमारे तीन चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाल्याचा अंदाज निघाला. म्हणजे घरातल्या घरात कोंडून राहिल्याने घरं संपली असावीत. पाट्यांवर एकाच आडनावाच्या तारखा लागोपाठ दिसतात, त्या या नजरेने पुन्हा वाचा.

ऑगस्टअखेरीस आलात तर गर्दी असते, पण तेव्हाच विहिरी सजवतात, म्हणजे चिखल थापलेल्या फळ्यांवर पाकळ्यांची चित्रं करून ती विहिरींपाशी मांडतात, आणि ते बघण्यासारखं आहे. लाकडी फळ्या आधी पाण्यात भिजत ठेवतात, नाहीतर लाकूड चिखलातली ओल शोषून घेतं आणि चिखल तडकतो. चिखलात मीठ मिसळतात, तेही ओल टिकावी म्हणून. फळ्यांवर खिळे ठोकलेले असतात, चिखल त्यांना धरून राहतो. कागदावरचं चित्र वर ठेवून टोचून रेघा उमटवतात, बाह्यरेषा कॉफीच्या बिया किंवा आल्डर झाडाच्या छोट्या बोंडांनी काढतात, आणि मग पाकळ्या. त्या खालून वर, एकीवर एक चढवत लावायच्या, म्हणजे कौलांवरून ओघळावा तसा पाऊस ओघळतो. चित्र आठवडाभर टिकतं. पहिले दोन दिवस रंग खुलून दिसतात, पुढे कडा तपकिरी पडतात, म्हणून जमल्यास सुरुवातीलाच या. त्या दिवसांत वाहनतळ सकाळीच भरतो, बसने येणं बरं.

पूर्ण फेरीला, जेवण धरून, पाच-सहा तास लागतात. तीनच तास असतील तर संग्रहालय, कॉटेजेस, चर्च आणि सीमेचा दगड एवढंच धरा, रायली सोडा. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा शेतातल्या वाटा आधी उरका आणि चर्च शेवटी ठेवा.