बावधनला घर घेताना आधी डोंगर बघितला

कोथरूडला भाड्यानं राहत असताना स्वतःचं घर घ्यायचं ठरलं, तेव्हा बावधन, सूस, भूगाव याच पट्ट्यात बघायचं यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं. नवऱ्याची नोकरी हिंजवडीत, माझी शाळा कर्वे रस्त्यावर, आणि कोथरूडमधले पुनर्विकासातले भाव आमच्या आवाक्याबाहेर. त्यात चांदणी चौक मोकळा झालेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये जुना पूल पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवा उड्डाणपूल सुरू झाला, आणि पुढे जून २०२५ मध्ये वनाझ ते चांदणी चौक मेट्रोला केंद्राची मंजुरी मिळाली. अशी प्रत्येक बातमी आली की पुढच्या आठवड्यात एजंटच्या तोंडचा भाव वर सरकलेला असे.

सुरुवातीला एका एजंटनं डोंगराच्या कडेचा छोटा प्लॉट दाखवला. किंमत आजूबाजूच्या मानानं बरीच कमी. वरून पाषाणपर्यंतचा परिसर दिसत होता आणि वारा तर इतका छान की तिथून पाय निघेना. ‘सातबारा एकदम क्लिअर आहे ताई, उद्या टोकन द्या,’ असं तो सारखं म्हणत होता. माझे मामा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेत, म्हणून त्यांना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, ‘सातबारा मालक कोण ते सांगतो. तिथं काय बांधता येईल ते झोन दाखला सांगतो. आधी तो काढ, मग टोकनचं बोल.’

सर्व्हे नंबर घेऊन महापालिकेकडून झोन दाखला काढला. जमीन जैवविविधता उद्यानाच्या, म्हणजे लोक ज्याला बीडीपी म्हणतात, त्या आरक्षणात होती. १९९७ साली पालिकेत आलेल्या २३ गावांमधल्या टेकड्या आणि डोंगरउतारांची सुमारे ९७८ हेक्टर जमीन या आरक्षणाखाली आहे. बावधन खुर्द त्यातलंच. तिथं घर बांधायची परवानगी मिळत नाही. मूळ मालकांना मोबदल्यात आठ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, द्यायचं शासनानं २०१५ मध्ये ठरवलं, पण तो फारच थोडा आहे असं शेतकऱ्यांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनीवर शहरासाठी टेकडी राखायची, त्यांना नीट मोबदला मिळालाच पाहिजे. तो प्रश्न लोंबकळत ठेवला की गुंठे पाडून विकणाऱ्यांचं फावतं आणि माझ्यासारखं कुणीतरी आयुष्याची पुंजी अशा जागेत घालून बसतं. आरक्षण मात्र राहायलाच हवं. पाऊस मुरायला या भागात टेकड्यांशिवाय दुसरी जागा उरलेली नाही.

प्लॉटचा विचार सोडला आणि फ्लॅट बघायला लागलो. इथं आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागली. बावधन खुर्द पालिकेत कधीच आलं, पण बावधन बुद्रुक, सूस, म्हाळुंगे ही गावं जून २०२१ मध्ये आली. तोवर तिथं ग्रामपंचायत होती. समावेशानंतरही सुरुवातीला बांधकाम परवानगीचं काम पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, ठेवलेलं होतं. त्यामुळे रस्त्याच्या अल्याडची इमारत एका कार्यालयानं मंजूर केलेली आणि पल्याडची दुसऱ्या, असं होऊ शकतं. प्रत्येक इमारतीचा मंजूर नकाशा नेमका कोणाच्या सहीचा आहे, हे विचारायची मी सवयच लावून घेतली.

एक बांधकाम चालू असलेला प्रकल्प मनात भरला होता. मोठ्या खिडक्या, समोर डोंगर, सॅम्पल फ्लॅट तर इतका सुंदर सजवलेला की माझी मुलगी तिथल्याच पलंगावर बसून राहिली. घरी येऊन महारेराच्या, म्हणजे रेरा कायद्याखाली बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर त्या प्रकल्पाचं पान उघडलं. मंजूर नकाशा, जमिनीवरचा बोजा, चालू दावे, ताबा द्यायची तारीख, सगळं तिथं असतं, आणि ते फुकट बघता येतं. मामांनी लेआउट मोठा करून त्यावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, पेन्सिलीनं गिरवल्या. शेवटच्या इमारतीच्या मागे त्या रेषा एकमेकींना जवळजवळ चिकटल्या होत्या. रेषा जितक्या जवळ, तितका चढ उभा. पाच मीटर आडव्या अंतरात एक मीटरपेक्षा जास्त चढ, म्हणजे एकास पाचच्या वर उतार असला, की नियमाप्रमाणे त्या जागेवर बांधकाम करता येत नाही. इमारत नकाशात त्या रेषेच्या अलीकडेच होती. तरी मामा म्हणाले, पाठीमागे काय केलंय ते जाऊन बघू.

चांगला पाऊस लागल्यावर मुद्दाम गेलो. पार्किंगच्या मागे डोंगर उभा कापला होता आणि त्याला काँक्रीटची उंच भिंत घातली होती. अशा भिंतीत पाणी बाहेर पडायला ठरावीक अंतरावर भोकं ठेवतात. खालच्या ओळीतली बरीचशी सिमेंटच्या गाळानं बुजलेली होती आणि पाणी भिंतीच्या एका सांध्यातून, तांबड्या मातीसकट, येत होतं. मामांनी तिथं हात लावून बघितला, बोटांना लागलेला चिखल मला दाखवला आणि काही न बोलता छत्री उघडली. जून २०१३ मध्ये कात्रज बोगद्याच्या पलीकडे शिंदेवाडीला, डोंगर फोडलेल्या जागेवरून आलेल्या लोंढ्यात एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेली होती. ती बातमी मी विसरलेले नाही. शिवाय विक्री कार्यालयात करारनामा नोंदवण्याआधीच किमतीच्या वीस टक्के रक्कम मागत होते. रेरा कायद्याप्रमाणे करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. कलम १३ दाखवल्यावर ‘सगळे देतात मॅडम’ एवढंच उत्तर मिळालं. आम्ही तो प्रकल्प सोडला.

शेवटी उताराच्या पायथ्याजवळ, पण सपाट जागेवर असलेल्या एका जुन्या सोसायटीतला रिसेलचा फ्लॅट पसंत पडला. भोगवटा पत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा अधिकृत दाखला, होतं, ही सगळ्यात मोठी जमेची बाजू. सोसायटीचे सेक्रेटरी काका भले माणूस. टँकरची वही मागितली तर त्यांनी काही न लपवता पुढे ठेवली. रोज किती टँकर आले, कोणत्या महिन्यात बोअर आटली, सगळं सुवाच्य अक्षरात. फेब्रुवारीपासून टँकर वाढत जायचे आणि उन्हाळ्यात मेंटेनन्सचा निम्म्याहून जास्त पैसा पाण्यावर जायचा. डोंगराच्या कुशीत राहायचं म्हणजे पाणी मुबलक असणार, असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात नळाचं पाणी उंचावर चढवायला पुरेसा दाब लागतो, आणि कातळात घेतलेली बोअर भेगेत पाणी असेल तेवढंच देते. त्या वहीच्या आधारे मी विकणाऱ्या दादांशी भावाचं बोलणं केलं आणि त्यांनी किंमत खाली आणली. फ्लॅटही टेपनं मोजला. जुन्या करारात सेलेबल क्षेत्र, म्हणजे जिना-लॉबीसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून फुगवलेलं क्षेत्र, लिहिलेलं होतं. कार्पेटवर, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेवर, हिशेब केल्यावरच दुसऱ्या घरांशी खरी तुलना करता आली.

पुढचं काम वकिलांनी सरळ केलं. मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च, आधीच्या व्यवहारांचे इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचे उतारे, सोसायटीचा ना हरकत दाखला. किंमत पन्नास लाखांच्या वर असल्यामुळे एक टक्का टीडीएस कापून विकणाऱ्यांच्या पॅनवर भरला. पुण्यात मुद्रांक शुल्क मेट्रोचा अधिभार धरून सात टक्के पडतं. खरेदीदार फक्त महिला असतील तर एक टक्का सवलत मिळते, म्हणून घर माझ्या आणि सासूबाईंच्या नावावर घेतलं आणि नवरा कर्जात सहकर्जदार राहिला. नोंदणी फी तीस हजार, त्याहून जास्त लागत नाही. दुय्यम निबंधकांकडे अंगठ्याचे ठसे देताना सासूबाईंचे डोळे भरून आले होते. सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा त्यांच्या नावावर घर झालं.

मिळकतकर, वीजमीटर आणि शेअर सर्टिफिकेटवर नाव लागलं आहे. एक मोठं काम बाकी आहे. इमारतीखालची जमीन अजून सोसायटीच्या नावावर झालेली नाही. विकसकानं अभिहस्तांतरण करून दिलं नाही, म्हणून मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे विकसकाच्या सहीशिवायच जमीन नावावर करून घ्यायला, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा ठराव सर्वसाधारण सभेत झाला. कागद गोळा करायचं काम मी मागून घेतलं आहे. प्रत्येक सभासदाचा इंडेक्स टू हवाय. काही मूळ मालक परदेशी आहेत, त्यांच्या प्रती ऑनलाइन काढतेय. मोजणी नकाशा मिळाला आहे आणि त्यात सोसायटीच्या मागून राम नदीकडे उतरणारा ओढाही स्पष्ट दाखवलेला आहे. त्या ओढ्यात शेजारच्या प्लॉटवाल्यांनी टाकलेला राडारोडा पावसाआधी उचलला जावा, म्हणून क्षेत्रीय कार्यालयात दिलेल्या अर्जाला तोच नकाशा जोडला आहे.