चौकट म्हणालो, बदाम सांगितले

रंकाळ्याकडं धो धो पाऊस, म्हणून फिरायला न जाता काकांकडं ब्रिज हा पत्त्यांचा खेळ खेळायला बसलो, काका माझे भिडू. आज पहिल्यांदा ट्रान्स्फर, म्हणजे एक रंग बोलून भिडूला दुसरा रंग सुचवायची सांकेतिक बोली, खरोखर वापरला!

काकांनी एक नो ट्रंप (हुकुमाशिवायची बोली) बोलला, म्हणजे मोठ्या पानांचे 15 ते 17 पॉइंट. माझ्या हातात पाच बदाम, पण पॉइंट फक्त 4. मी दोन चौकट म्हणालो. काकांनी लगेच ‘अलर्ट’ म्हटलं, म्हणजे ही बोली सांकेतिक आहे असं समोरच्यांना सांगितलं. त्यांच्या डावीकडच्या काकूंनी विचारलं, तर काकांनी स्वच्छ सांगितलं, “पाच तरी बदाम आहेत. चौकटचा संबंध नाही.” मग स्वतः दोन बदाम बोलले, मी पास.

मला हेच फार आवडतं. सांकेतिक बोली असली तरी अर्थ समोरच्यांनाही कळलाच पाहिजे, भिडूंनी आपसात लपवायचं नाही.

आणि फायदा केवढा! बदाम आधी काका बोलले म्हणून डाव काका खेळणार, त्यामुळं पहिलं पान त्यांच्या डावीकडच्या काकूंचं. त्यांच्याकडं इस्पिकचा राजा, काकांकडं एक्का-राणी. काकूंनी इस्पिकच टाकलं, राणीवर हात आला. डाव मी खेळलो असतो तर भिडू म्हणून काकांची पानं, एक्का-राणीसकट, टेबलावर उघडी, आणि काकूंचा राजा त्यांच्यानंतर पडणार, राणी गेलीच असती. दोन बदामला लागतात तेवढे बरोबर आठ हात झाले.

काका पानं पिसत म्हणाले, “पुढच्या रविवारी स्टेमन ही आणखी एक सांकेतिक बोली शिकवतो तुला.”